लघवी धरवत नाही, तर आत काय घालावं?

आमच्या बेळगावकडं सासूला आत्याबाई म्हणतात. आमच्या आत्याबाईंचं पौर्णिमेला सौंदत्तीला यल्लम्माला जाणं कधी चुकलं नव्हतं. ते हळूहळू बंद झालं. मग लग्नाकार्याला येणं बंद, मग गल्लीतल्या भजनाला बसणं बंद. जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झाली. शेजारच्या बायका आधार कार्ड घेऊन निघायच्या आणि आत्याबाई उंबऱ्यात बसून म्हणायच्या, “तुम्ही जावा, मी घरातच ऱ्हातो.” गुडघे दुखत असतील, असं आम्ही धरून चाललो होतो. खरं कारण मला पावसाळ्यात कळलं. न्हाणीच्या मागं आडोशाला जुन्या लुगड्याच्या घड्या वाळत घातलेल्या सापडल्या. त्यांना लघवी धरवत नव्हती, आणि ते कुणाला कळू नये म्हणून त्या पहाटे उठून घड्या धुवायच्या.

मी त्याच संध्याकाळी मेडिकलमध्ये गेले आणि “मोठ्यांचा डायपर द्या” म्हटलं. दुकानदारानं दिलं ते पाकीट घेऊन आले. दोन्ही बाजूंना चिकटपट्ट्या असलेला, जाडजूड, अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा तो डायपर होता. चालत्याफिरत्या बाईला मी तो बांधला. दुपारपर्यंत त्यांनी तो काढून टाकला. “पोटाला पोतं बांधल्यागत होतंय,” म्हणाल्या. चूक त्यांची नव्हती, डायपरचीही नव्हती. काय गळतं, किती गळतं, कधी गळतं, यातलं काहीच न विचारता मी खरेदी केली होती.

म्हणून पाकिटाआधी वही घ्या. तीन दिवस लिहून काढा: किती वाजता लघवीला गेलं, किती वाजता कपडा ओला झाला, तेव्हा काय चाललं होतं, आणि ओल थेंबभर होती की लुगडं बदलावं लागलं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा केल्या तरी चालतात. तीन दिवसांत चित्र स्पष्ट होतं.

खोकताना, शिंकताना, हसताना, कळशी उचलताना थोडी लघवी सुटत असेल, तर ओटीपोटाच्या तळाशी मूत्राशयाला झोळीसारखं आधार देणारे स्नायू सैल पडलेले असतात. बाळंतपणं आणि पाळी गेल्यानंतरचा काळ ही बायकांमधली नेहमीची कारणं. दुसरा प्रकार घाईचा. लघवीची कळ येते आणि न्हाणीपर्यंत पोचायच्या आत सुटते. बाहेरून आल्यावर दाराच्या कुलपाला किल्ली लावतानाच सुटते, असं पुष्कळ जण सांगतात. यात मूत्राशय पूर्ण भरायच्या आधीच स्वतःहून आवळतं. तिसरा प्रकार फसवा आहे: मूत्राशय कधी नीट रिकामंच होत नाही, भरून वाहतं, आणि दिवसभर थेंब थेंब गळत राहतं. प्रोस्टेट वाढलेले पुरुष आणि जुना मधुमेह असलेली माणसं यात सापडतात. चौथ्यात मूत्राशय ठीक असतं, पाय पोचत नाहीत. आमच्या खेड्यांत अजून कितीतरी घरांत संडास परसात आहे. गुडघे धरलेल्या म्हातारीला रात्री अंधारात, पावसात तिथपर्यंत जाता येत नाही. तिला डायपरच्या आधी खाटेजवळ कमोडची खुर्ची किंवा झाकणाचं भांडं आणि रात्रभर जळणारा एक छोटा दिवा हवा असतो.

बऱ्याच जणांत यातले दोन प्रकार एकत्र असतात. आत्याबाईंना खोकल्यानं थोडी सुटायची आणि घाईनं जास्त.

इथं एक गोष्ट कळकळीनं सांगते. वय झालं की हे व्हायचंच, असं म्हणून थेट डायपरवर येऊ नका. एकदा तपासून घ्या. लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, वाढलेली साखर, बायकांमध्ये अंग बाहेर येणं, रक्तदाबासाठी दिलेली लघवीची गोळी, यातलं काहीही कारण असू शकतं आणि त्यातलं पुष्कळसं दुरुस्त होतं. खोकताना सुटणाऱ्या लघवीला व्यायामाचा चांगला उपयोग होतो. लघवी मध्येच थांबवताना जे स्नायू आपण आवळतो, तेच आवळायचे, सैल सोडायचे. एका वेळी निदान आठ वेळा, दिवसातून तीनदा, आणि किमान तीन महिने. आठ दिवसांत फरक दिसत नाही म्हणून सोडून देऊ नये. लघवीत रक्त, ताप, जळजळ असेल किंवा ओटीपोट टणक फुगून लघवी अडली असेल, तर थांबू नये. आणि अचानक पायातली ताकद जाऊन जांघेत बधिरपणा आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

पाणी कमी पिणं हा उपाय नाही. आमच्याकडं प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून पाणी बंद करणाऱ्या बायका मी पाहिल्यात. लघवी घट्ट होते, मूत्राशयाला जास्त टोचते, घाई वाढते, शौचाला खडा होतो आणि तो खडा पुन्हा मूत्राशयावर दाबतो. चहा मात्र कमी करून बघावा.

आता माल. मेडिकलमध्ये ‘डायपर’ या एका नावाखाली पाच-सहा वेगळ्या वस्तू मिळतात.

पँट म्हणजे आतल्या चड्डीसारखी पायातून वर ओढायची. चालत्या माणसाला, स्वतः संडासला जाणाऱ्याला हीच सोयीची, कारण खाली करून पुन्हा वर घेता येते. टेपचा डायपर उघडा असतो, पाठीखाली सरकवून पोटावर पट्ट्या चिकटवायच्या. झोपून असलेल्या माणसासाठी तो बरा, कारण कूस बदलून तो घालता-काढता येतो. पॅड म्हणजे आपल्याच घट्ट चड्डीत बसवायची पट्टी, थोड्या गळतीसाठी. पुरुषांसाठी पुढच्या बाजूला खोलगट आकार असलेली पट्टी वेगळी मिळते. गादीवर अंथरायचं पॅड ही आणखी वेगळी वस्तू. ती गादी वाचवते, माणसाला कोरडं ठेवत नाही. आणि धुऊन वापरायच्या सुती चड्ड्या येतात, ज्यांच्या मध्यभागी शोषणारे थर शिवलेले असतात.

थोड्या गळतीसाठी बऱ्याच बायका पाळीचा पॅड वापरतात, कारण तो किराणा दुकानातही मिळतो आणि मागायला लाज वाटत नाही. पण पाळीचा स्राव सावकाश येतो आणि लघवी एकदम येते. पाळीच्या पॅडला तेवढ्या वेगानं आत घ्यायला जमत नाही, वरचा थर ओला राहतो आणि जांघ चुरचुरते. लघवीचा पॅड वेगळा मागून घ्यावा.

कोरडेपणा कशानं येतो, ते कळलं की पाकिटावरच्या मोठमोठ्या शब्दांना फसायला होत नाही. आत कापसासारख्या लगद्यात साखरेच्या दाण्यांसारखी पांढरी भुकटी मिसळलेली असते. नाव सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट. ती आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी ओढते आणि त्याचं जेल होतं. जेल झालेलं पाणी बसल्याच्या दाबानं सहज परत वर येत नाही, नुसत्या कापसातलं येतं. जुन्या लुगड्याची घडी मऊ असते, पण बसलं की सगळं बाहेर. मात्र ही भुकटी साध्या पाण्याला जितकी ओढते तितकी खारट पाण्याला ओढत नाही, आणि लघवी खारट असते. म्हणून कुणी डायपरवर नळाचं पाणी ओतून दाखवलं, तर दिसतं त्यापेक्षा लघवीचं शोषण प्रत्यक्षात कमी असतं, हे धरून चाला.

घरी बघायचं असेल तर अर्धा लिटर पाण्यात चहाचा एक छोटा चमचा मीठ विरघळवा. चहाचा एक मोठा कप भरून ते पाणी एकदम मध्यभागी ओता. पाच मिनिटांनी वर वर्तमानपत्राची कोरडी घडी ठेवून हाताच्या तळव्यानं जोर द्या. कागद ओला झाला, तर ओल अंगाला लागणार. मग दुसरा कप त्याच जागी ओता. पहिल्या कपात चांगले वागणारे कितीतरी डायपर दुसऱ्या कपाला बाजूनं सोडतात. एक नग वाया जातो, पण महिनाभराची खरेदी चुकत नाही.

पाकिटावर मिलीलिटरचा आकडा असेल, तर तोही नीट समजून घ्यावा. आयएसओ ११९४८-१ नावाची जी प्रयोगशाळेतली चाचणी आहे, तिच्यात अख्खा डायपर मीठपाण्यात बुडवून, निथळून, किती राहिलं ते मोजतात. अंगावर असं होत नाही. बसल्यावर दाब येतो, लघवी एकाच जागी पडते, कडेचा भाग कोराच राहतो. त्यामुळं अंगावरची क्षमता आकड्यापेक्षा बरीच कमी असते. दोन कंपन्यांच्या मालाची तुलना करायला आकडा उपयोगी, तासांचा हिशोब करायला नाही. ‘बारा तास संरक्षण’ या शब्दांवर तर अजिबात विसंबू नका.

खरा हिशोब तराजूवर होतो. कोरडा नग किचनच्या काट्यावर तोला, काढल्यावर पिशवीत घालून पुन्हा तोला. जेवढे ग्रॅम वाढले, साधारण तेवढे मिलीलिटर. कोरडा ९० ग्रॅम आणि काढल्यावर ३९० भरला, तर ३०० मिलीलिटर लघवी झाली. मोठ्या माणसाचं मूत्राशय साधारण ३०० ते ५०० मिलीलिटर धरतं. दोन दिवस असं तोललं की दिवसा हलकं आणि रात्री जड लागतं का, ते कळतं. आमच्या घरी दिवसा पातळ पँट पुरते, रात्रीसाठी जाड. एकच जाड प्रकार चोवीस तास घातल्यानं नुसता उकाडा होतो.

माप. यात सगळ्यात जास्त गफलत होते. मोठं माप म्हणजे जास्त शोषण नव्हे. मोठं माप म्हणजे मोठी कंबर, बस. “जरा मोठाच द्या, जास्त पुरेल” म्हणून घेतलेला डायपर मांडीपाशी सैल राहतो आणि तिथूनच गळतो. शिंप्याची टेप घ्या, बेंबीवरून पोटाचा घेर मोजा, मग नितंबांचा सगळ्यात रुंद घेर मोजा, आणि दोन्हींतला मोठा आकडा धरा. अंदाजानं ‘एक्सएल’ मागू नका, कारण प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा आहे. एकीचं एल दुसरीचं एम निघतं. घातल्यावर कंबरेत दोन बोटं जायला हवीत. मांडीला रबर टेकलेलं असावं, पण काढल्यावर अर्ध्या तासानंतरही लाल वळ राहत असेल तर माप लहान आहे. वजन उतरलेल्या आजारी माणसाचं माप दर महिन्याला पुन्हा घ्यावं.

मांडीच्या आतल्या बाजूला दोन उभ्या झालरी असतात. गळती थांबवण्याचं निम्मं काम त्या करतात. घालायच्या आधी डायपर लांबीत दुमडून नावेसारखा करावा, म्हणजे झालरी उभ्या राहतात. घातल्यावर बोट फिरवून त्या आत दुमडल्या नाहीत ना, ते बघावं. टेपचा असेल तर खालच्या पट्ट्या आधी, जरा वरच्या दिशेनं तिरक्या लावाव्यात, मग वरच्या. पुरुषाला घालताना लिंग खाली वळवून ठेवावं, नाहीतर लघवी थेट कमरेच्या पट्टीतून वर येते. ही साधी गोष्ट आम्हाला सासऱ्यांच्या आजारपणात आठ दिवस चादरी धुतल्यावर कळली. कुशीवर झोपणाऱ्याचं खालच्या अंगानं गळतं, तिथं गादीवरचं पॅड जोडीला घ्यावं. एकावर एक दोन डायपर मात्र घालू नयेत. आतल्याचा बाहेरचा थर प्लास्टिकचा असतो, त्यातून काही झिरपून दुसऱ्यात जात नाही. नुसता घाम वाढतो.

आमच्या भागातल्या म्हाताऱ्या बायकांचं एक वेगळंच गणित आहे. नऊवारी लुगड्याचा काष्टा मागं खोचलेला असतो. आत पँट घातली तर संडासला जाताना काष्टा सोडायचा, पँट खाली करायची, पुन्हा सगळं नेसायचं, आणि घाईच्या माणसाला एवढा वेळ कुठला? आत्याबाईंना गोल साडी नेसा म्हणणं मला बरं वाटेना. सत्तर वर्षांची सवय आहे ती. मग असं ठरलं की घरी त्या काष्ट्याशिवाय नेसतात. बाहेर जाताना काष्टा असतो, आत पँट असते, आणि ओली झाली तर होऊ दे, घरी येऊन बदलायची. ओली पँट काढताना ती खाली ओढू नका, दोन्ही बाजूंच्या शिवणी वरून खाली फाडा. ती त्यासाठीच तशी केलेली असते. पायाला काही लागत नाही.

धुऊन वापरायच्या सुती चड्ड्यांबद्दल माझं मत पावसावर अवलंबून आहे. खोकल्यानं सुटणाऱ्या थोड्या लघवीला त्या छान आहेत, आपल्या चड्डीसारख्या वाटतात, आणि वर्षभराचा खर्च कमी येतो. अथणी-रायबागकडं, जिथं ऊन असतं, तिथं चार-पाच चड्ड्यांत भागेल. पण खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं जून ते सप्टेंबर कपडा वाळायला तयार नसतो. जाड थराची चड्डी बाहेरून वाळल्यासारखी वाटते, आत दमट राहते, आणि मग जांघेत नायटा उठतो. तिकडं पावसाळ्यात टाकाऊ पँट आणि उन्हाळ्यात धुण्याची, असं वाटून घ्यावं. धुताना कपडे मऊ करणारं सुगंधी द्रावण घालू नये. त्याचा थर बसून शोषण कमी होतं.

कातडीचं दुखणं डायपरनं होत नाही, ओलीत राहिल्यानं होतं. निरोगी कातडी किंचित आम्ल असते. लघवी साचून राहिली की तिच्यातून अमोनिया तयार होतो, आम्लपणा जातो आणि कातडी कमकुवत पडते. नेहमीचा अंगाचा साबण अल्कधर्मी असतो, तो तेच काम पुढं नेतो. म्हणून प्रत्येक वेळी साबण घासू नका. कोमट पाणी, मऊ सुती कापड, बायकांनी पुढून मागं पुसायचं, आणि टिपून कोरडं करायचं, चोळायचं नाही. वर झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ हात. मलम किंवा व्हॅसलिन थापून लावलं तर ते डायपरच्या वरच्या थरावर बसतं आणि लघवी आत जात नाही. पावडरीचे ओलीत गोळे होतात आणि तेच काचतात. शौच झालं असेल तर एक मिनिटही थांबू नये. नुसती लघवी असेल तर चार-सहा तासांनी, किंवा हाताला जड लागला की बदलावा. काही डायपरवर बाहेरून पिवळी रेघ असते, ओल झाली की तिचा रंग बदलतो. लाल चट्ट्याच्या कडेला बारीक बारीक लाल ठिपके पसरले असतील तर बहुधा बुरशी आहे, डॉक्टरांना दाखवा. काउंटरवर मिळणारी ‘खाजेची’ पुष्कळ मलमं स्टेरॉइड मिसळलेली असतात. दोन दिवस बरं वाटतं, मग कातडी पातळ होते.

खर्चाचं: पाकिटाची किंमत बघू नका, नगाची काढा. दिवसाला तीन नग म्हणजे महिन्याला ९०. पाच रुपयांचा फरक महिन्याला साडेचारशेवर जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून डायपरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या छापील किमतीचं पाकीट हातात आलं तर विचारा. सुरुवातीला मोठं पाकीट घेऊ नका. दोन कंपन्यांची लहान पाकिटं घ्या आणि ज्यानं घालायचं त्याला ठरवू द्या. पाकिटावर बहुतेक वेळा मराठी नसते, त्यामुळं दुकानात दोनच गोष्टी पक्क्या सांगा, ‘पँट’ की ‘टेप’, आणि मोजलेल्या घेराचे इंच. कानडी दुकानदाराला “दोड्डवर डायपर”, म्हणजे मोठ्यांचा डायपर, म्हटलं की कळतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. तो रोज विकतो.

वापरलेला डायपर संडासात टाकू नका. जेल फुगून पाइप तुंबतो. शौच असेल तर ते आधी संडासात झटकावं, मग डायपर घट्ट गुंडाळून, त्याच्याच पट्टीनं किंवा वर्तमानपत्रात बांधून द्यावा. २०१६ च्या घनकचरा नियमांत तो गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाकायला सांगितलं होतं; २०२६ च्या नव्या नियमांत असा कचरा गुंडाळून वेगळाच द्यायचा आहे. ओल्यात मात्र कधीच नाही. जिथं घंटागाडी येत नाही त्या गावांत लोक परसात जाळतात. त्यातल्या प्लास्टिकचा धूर वाईट, घरात श्वासाचा आजारी असेल तर जास्तच. ओढ्यात आणि नदीत तर नकोच. आम्ही झाकणाच्या डब्यात साठवतो आणि दर दोन दिवसांनी बेळगावला कामाला जाणारा दीर ते पाकीट कचरागाडीत टाकतो.

गेल्या पौर्णिमेला आत्याबाई सौंदत्तीला गेल्या. जाताना अंगावर दिवसाची पँट, आणि पिशवीत: दोन जादा पँट, एक लुगडं, पाण्याची बाटली, मऊ सुती कापडाचे दोन तुकडे, वर्तमानपत्र आणि काळी पिशवी. त्यांना चालू असलेली लघवीची गोळी त्या दिवशी डॉक्टरांना विचारून परत आल्यावर घेतली. बसमध्ये दाराजवळची जागा धरली. परत आल्यावर दोन्ही जादा पँट पिशवीत कोऱ्याच होत्या. त्यांनी त्या कपाटात ठेवल्या आणि म्हणाल्या, “पुढच्या पौर्णिमेला लागतील.”